आमचं घरगुती निःपक्ष बातमीपत्र

आमच्या घरात बातम्या बघितल्या जात नाहीत, लढवल्या जातात. एका बाजूला माझे वडील, म्हणजे अप्पा, आणि दुसऱ्या बाजूला माझे सासरे. अप्पा सरकारच्या बाजूचे. म्हणजे इतके, की खुद्द सरकारला कधीमधी स्वतःबद्दल शंका येत असेल, अप्पांना येत नाही. सासरे विरोधकांचे. उद्या सरकारने सूर्य वेळेवर उगवल्याचं जाहीर केलं, तर सासरे गॅलरीत जाऊन स्वतः बघून येतील आणि म्हणतील, उगवलाय, पण ढगांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. या दोघांना कुठल्याही पक्षाने आजवर कपभर चहासुद्धा पाजलेला नाही. तरी निष्ठा अशी, की खऱ्या पुढाऱ्यांनी येऊन शिकवणी लावावी.

टीव्ही एकच असल्यामुळे रिमोट ज्याच्या हाती त्याचं राज्य. अप्पांच्या चॅनलवर देश रोज थोडा पुढे सरकतो आणि सासऱ्यांच्या चॅनलवर तोच देश रोज संध्याकाळी बुडतो. मध्यंतरी एका पुलाचं उद्घाटन झालं. अप्पांच्या चॅनलने तो पूल वरून दाखवला, मागे वाद्यवृंद लावून. सासऱ्यांच्या चॅनलने खालून दाखवला, एका भेगेभोवती लाल वर्तुळ काढून. दोन्ही बातम्या पाहिल्यावर देशात दोन पूल झाले असावेत अशी माझी प्रामाणिक समजूत झाली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

त्या पुलावरून वाद इतका वाढला, की सासरे तडक उठून खोलीत गेले आणि कपाटावरची निळी बॅग काढून झटकायला लागले. इथे मात्र गंमत संपली. सासूबाई गेल्यावर सासरे त्यांच्या गावी एकटेच राहत होते. एकदा गॅसवर दूध ठेवून ते बातम्यांपुढे बसले आणि दुधाचा पार विसर पडला. शेजाऱ्यांनी दार फोडून त्यांना धुरातून बाहेर काढलं. त्यानंतर बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. ते घर अजून कुलूप लावून ठेवलेलं आहे आणि इकडे काही बिनसलं, की सासऱ्यांना त्या कुलपाची आठवण येते.

"टीव्हीचं काय करायचं ते तुम्ही करा," बायको मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली. "फोडा, विका, पुरून टाका. पण बाबा परत त्या घरात एकटे राहायला जाता कामा नयेत."

मी म्हटलं, माझ्यावर सोड. लग्नाला इतकी वर्षं होऊनही हे वाक्य बोलायची माझी खोड गेलेली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात. ते गृहस्थ सल्ले फार देतात आणि आपल्या तोंडात हात घालूनच देतात, त्यामुळे विरोधी मत नोंदवायची सोय राहत नाही. माझी दाढ कोरता कोरता त्यांनी सांगितलं, दोन टीव्ही घ्या. मी "आँ" म्हटलं, ते त्यांनी होकार म्हणून धरलं. दुसरा टीव्ही आणून सासऱ्यांच्या खोलीत बसवला. मग पलीकडचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून अप्पांनी आपला वाढवला आणि सासऱ्यांनी त्याच कारणासाठी त्यांचा. स्वयंपाकघर बरोबर मधे. एका बाजूने अर्थमंत्री आणि दुसऱ्या बाजूने हवामान अशा बातम्या येऊन, अर्थमंत्री काही तासांत किनाऱ्याला धडकणार आहेत, हे बायकोला आमच्यात सगळ्यांत आधी कळलं.

दंतवैद्यांनी दुसऱ्या दाढेच्या वेळी हेडफोन सुचवले. घर शांत झालं. इतकं शांत झालं, की मी दोन दिवस स्वतःवर खूश होतो. पण हेडफोन घातलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो याचा अंदाज राहत नाही आणि आमची ही दोन माणसं निवेदकाला उत्तर दिल्याशिवाय बातमी गिळत नाहीत. तिसऱ्या दिवशी नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. तो बिचारा सिंकखाली मान घालून काम करत होता. बाहेरून अप्पांचा आवाज आला, "चोर आहे हा. चेहऱ्यावरूनच कळतं." प्लंबर थांबला. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासरे गरजले, "आत टाका त्याला. सोडू नका." प्लंबरने पाना खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आमचा नळ अर्धा उघडा टाकून निघून गेला. मी त्याच्यामागे जिन्यापर्यंत धावत जाऊन त्याला राजकीय परिस्थिती समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो आजही आमच्या इमारतीत येतो, पण आमचा मजला गाळून.

घरातलं पाणी पुसताना मला ती कल्पना सुचली. दोन्ही टीव्ही बंद करायचे आणि रोज संध्याकाळी बातम्या मीच वाचायच्या. निःपक्ष. हे काम करायला या शहरात माझ्याइतका लायक माणूस नाही, हे मी नम्रपणे सांगतो. मी बसस्टँडवर गाड्या पुकारतो. सबंध नोकरीत मी कुठल्याही गाडीचं कौतुक केलेलं नाही आणि कुठल्याही गाडीची निंदा केलेली नाही. गाडी वेळेवर आली तरी माझा आवाज तोच आणि बंद पडून रस्त्यात उभी राहिली तरी तोच. प्रवासी मला शिव्या घालतात, पण मी पक्षपात केला असं कुणी म्हणालेलं नाही. आपल्या चॅनलवाल्यांना माझ्या केबिनमध्ये आठवडाभर आणून बसवलं, तर देशाचं निम्मं काम होईल, असं माझं फार दिवसांपासूनचं मत आहे.

बायकोने दोन्ही टीव्हींवर चादरी घातल्या. मी दोन विरुद्ध मतांची वर्तमानपत्रं घेऊन बसलो आणि त्यांतली विशेषणं गाळायला लागलो. "ऐतिहासिक" गेलं, "लाजिरवाणा" गेला, "धडाकेबाज" आणि "बेताल" एकाच वेळी गेले. हे सगळं काढून टाकल्यावर दोन्ही वर्तमानपत्रांचं मिळून जे उरलं, ते मी सात वाजता जेवणाच्या टेबलाशी उभा राहून वाचलं. मुख्यमंत्री बोलले. विरोधी पक्षनेतेही बोलले. पाऊस पडला नाही. बातम्या संपल्या.

दोघे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, सत्याचा परिणाम होतोय. मग सासरे म्हणाले, "जावईबापू, 'विरोधी पक्षनेतेही', असं म्हणालात. त्यातला 'ही' कशाला?" अप्पांचं म्हणणं वेगळं होतं. मुख्यमंत्र्यांचं नाव घेण्याआधी मी घसा खाकरला आणि ते मुद्दाम होतं. मी म्हटलं, मला खोकला झालाय. अप्पा म्हणाले, विरोधकांच्या वेळी बरा झाला वाटतं.

पुढच्या दिवसापासून मी खडीसाखर तोंडात धरून वाचायला लागलो. सरकार एक दिवस आधी आणि विरोधक दुसऱ्या दिवशी आधी, असा क्रम ठेवला. तर ज्या दिवशी विरोधकांचा नंबर पहिला, नेमकं त्याच दिवशी सरकारने काहीतरी मोठं करावं, आणि सरकारच्या दिवशी विरोधकांनी. सासऱ्यांनी हळूच बायकोला सांगितलं, माणूस सज्जन आहे, पण शेवटी मुलगा बापाचाच. अप्पांनी मला गॅलरीत नेऊन विचारलं, तुला सासरवाडीनं काय कबूल केलंय ते एकदा सांगून टाक. मी दुखावलो. गाड्या पुकारताना माणसाला शिव्या पडतात, पण त्या तोंडावर पडतात.

तरी एक सांगायला हवं. बॅग पुन्हा कपाटावर गेली होती. सात वाजले, की दोघे हातपाय धुऊन, माझ्या चुका धरायला, शेजारी शेजारी बसत. बायको म्हणाली, चाललंय ते चालू द्या.

इथे थांबलो असतो, तर माझी अब्रू वाचली असती. पण दंतवैद्यांनी ऐकलं. त्यांच्या घरीही बायकोचं चॅनल वेगळं आणि आईचं वेगळं होतं, त्यामुळे ते तिघे जण एका संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले. मग वरच्या मजल्यावरचं जोडपं आलं. मग स्वतःच्या खुर्च्या घेऊन माणसं यायला लागली. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी कुणाशी बातम्यांवरून अबोला धरून होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळे येत, निःपक्ष बातम्या ऐकत आणि जाताना त्या कुणाच्या बाजूने झुकल्या होत्या ते सांगून जात.

आठवडाभरात इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांनी नियम काढला. घरात इतकी माणसं जमवणं म्हणजे सभा, आणि सभा फक्त खालच्या हॉलमध्ये. हॉल हवा तर अर्ज करा. अर्ज केला. अर्जात "कार्यक्रमाचे स्वरूप" असा रकाना होता. त्यात "बातम्या" असं लिहिलं तर सेक्रेटरी म्हणाले, बातम्या म्हणजे राजकारण आणि हॉलमध्ये राजकारणाला बंदी आहे. "करमणूक" लिहिलं तर म्हणाले, करमणुकीला पोलिसांची परवानगी लागेल. शेवटी त्यांनीच तोड काढली. इमारतीच्याही बातम्या द्या, म्हणजे स्वरूप "सभासदांना माहिती" असं होईल. मी म्हटलं, छान. त्यावर सही झाली आणि माझा बळी जायचं नक्की झालं.

हॉलमध्ये मधे वाट सोडून दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या होत्या. कुणी काही न सांगता माणसं आपापल्या मतांप्रमाणे दोन बाजूंना बसली. दंतवैद्य बराच वेळ वाटेतच उभे होते, कारण एकीकडे आई होती आणि दुसरीकडे बायको. मी देशाच्या बातम्या वाचल्या. मग इमारतीची बातमी वाचली, "लिफ्ट बंद आहे."

"बंद नाही," सेक्रेटरी उभे राहून म्हणाले. "दुरुस्तीच्या अंतिम टप्प्यात आहे."

ते तसं सहा महिन्यांपासून म्हणत होते. सासरे ताबडतोब उठले आणि अंतिम टप्प्याची व्याख्या मागायला लागले. मग अप्पा उठले. आता अप्पांचा लिफ्टशी संबंध काय, तर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबणारा माणूस म्हणजे अप्पा. पण सेक्रेटरी हे इमारतीचं सरकार. अप्पांनी जिने चढण्याचे आरोग्याला होणारे फायदे सांगितले. सासऱ्यांनी अप्पांना धाप कशी लागते ते करून दाखवलं. हॉलची एक बाजू हसली. अप्पांचा चेहरा लाल झाला.

"व्याही," ते म्हणाले, "पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं. आमच्या इमारतीच्या कारभारात तोंड घालू नये."

सासरे तसेच उभे राहिले, मग हळूच खाली बसले. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. इतक्या दिवसांत अप्पांशी ते पहिल्यांदाच सहमत झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर असताना बायकोचा फोन आला. ती म्हणाली, बाबांनी बॅग भरली, चार दिवस घर उघडून येतो म्हणाले, मी पुष्कळ विनवलं, ऐकत नाहीत. "तुमच्या स्टँडवरच येतायत," ती म्हणाली. "बघा काही जमलं तर." तिच्या आवाजात मला दोष नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

माझी केबिन वरच्या मजल्यावर आहे. काचेतून सगळे फलाट दिसतात. सासरे निळी बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. मी खाली जाऊन म्हटलं, बाबा, घरी चला. ते म्हणाले, "जावईबापू, तुमची ड्यूटी आहे, तुम्ही वर जा. लोकांच्या गाड्या चुकतील." इतक्या मायेने म्हणाले, की मी ऐकलं. मी वर आलो.

माझ्या मागोमाग जिन्यावर धाप ऐकू आली. अप्पा. घरातली चप्पल तशीच पायात, शर्टाची बटणं वरखाली. ते काचेजवळ गेले, खाली बाकाकडे बघितलं आणि मला विचारलं, गाडी केव्हाची. मी म्हटलं, लागेलच आता. खाली जाऊन त्यांच्याशी बोला.

"खाली जाऊन मला जमायचं नाही," अप्पा म्हणाले. "तो माइक दे."

बाहेरच्या माणसाच्या हातात माइक देणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. पण कंट्रोलर चहाला गेले होते. मी बटण दाबलं आणि बाजूला झालो.

"निळी बॅग घेऊन बसलेल्या आमच्या व्याह्यांसाठी सूचना," अप्पांचा आवाज सगळ्या स्टँडवर घुमला. "काल मी बोललो ते मागे घेतो. तुम्ही पाहुणे नाही. पाहुण्याशी कुणी इतकं भांडत नाही."

शेंगदाणे विकणारा थांबला. झाडूवाली थांबली. सासऱ्यांनी मान खाली घातली, पण ते हलले नाहीत. त्यांची गाडी फलाटाला लागली.

"तुम्ही गेलात तर मी बातम्या कुणाबरोबर बघू?" अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जरासा फाटला. "हा आमचा मुलगा. भला आहे, पण याला काही मतच नाही."

हे सगळ्या स्टँडला ऐकू गेलं. ड्रायव्हर-कंडक्टर लोकांनी वर केबिनकडे पाहिलं. मी काचेपासून थोडा मागे सरकलो.

सासरे उठले. त्यांनी डोळे पुसले, बॅग उचलली आणि गाडीकडे चालायला लागले. अप्पा काचेला चिकटून बघत होते. सासऱ्यांनी दांडा धरला, पायरीवर एक पाय ठेवला. एकदम अप्पांनी माइक तोंडाशी ओढला.

"आणि जाता जाता एवढं ऐकून जा," ते म्हणाले. "महागाई कमी झालेली आहे."

सासऱ्यांचा पायरीवरचा पाय खाली आला. ते वळले. गाडीकडे पाठ करून, बॅग काखोटीला मारून, गुडघेदुखी असलेला तो माणूस माझ्या केबिनचा जिना ज्या वेगाने चढला, तसा मी कधी चढलो नाही. आत आले, अप्पांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "प्रवासी बंधू-भगिनींनो, आत्ता दिलेली माहिती साफ चुकीची आहे."

मग दोघे जुंपले. तेलावरून डाळीवर आले, डाळीवरून रस्त्यांवर, रस्त्यांवरून आमच्या लिफ्टवर. खाली फलाटांवर माणसं दोन बाजूंना वाटली गेली. टाळ्या कधी इकडून आल्या, कधी तिकडून. दोघांचे चेहरे इतके फुललेले मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

आणि खाली सासऱ्यांची गाडी सुटायची वेळ झाली. मी पुकारायला हवं होतं. हात पुढे करून "जरा एक मिनिट" म्हटलं असतं, तर दोघांनीही माइक दिला असता. मी काही म्हटलं नाही. ऊन लागतंय असं पुटपुटत मी काचेवरचा पडदा ओढला. गाडी मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर गेली, ते मी पडद्याच्या कडेने नीट पाहून घेतलं.

बऱ्याच वेळाने सासरे श्वास घ्यायला थांबले आणि त्यांना आठवण झाली. त्यांनी पडदा बाजूला केला. फलाट रिकामा होता.

"जावईबापू, गाडी पुकारली नाहीत?"

"नाही," मी म्हटलं.

"का?"

माइक तुमच्याकडे होता, असं मला सांगता आलं असतं. ते खरंही होतं आणि निःपक्षही. पण मी म्हटलं, "तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं, बाबा. मला तुम्ही घरात हवे आहात."

सासऱ्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"व्याही," ते म्हणाले, "याला मत आहे."

"आहे खरं," अप्पा म्हणाले.

अप्पांनी निळी बॅग उचलली. सासऱ्यांनी ती त्यांच्या हातातून काढून घ्यायचा प्रयत्न केला. शेवटी एक बंद एकाने आणि दुसरा बंद दुसऱ्याने धरून ते दोघे जिना उतरायला लागले. मी बायकोला फोन लावला, पण नुसता रडत होतो. ती म्हणाली, कळलं मला, जिन्यावर दोघांचं चाललंय ते ऐकू येतंय, आणि तुमचं रडणं दोनदा. तेव्हा मी खाली पाहिलं. सगळे प्रवासी वर माझ्याकडे बघत होते आणि माइक चालू होता.